इस्ताव्याविना दिलेला कौल : टेक्सास, १८२१ ते १८३६

सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमचा लोकप्रशासनाचा अभ्यासवर्ग भरतो. मुलं बहुतेक बाहेरगावची, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला पुण्यात आलेली. दर शनिवारी एक प्रकरण घेतो. आधी मी पाच मिनिटांत गोष्ट सांगतो, चूक कोणाची यावर हात वर करायला लावतो, मग तारीखवार सगळं उलगडतो आणि शेवटी पुन्हा हात मोजतो.

टेक्सासची गोष्ट मुद्दाम त्रोटक सांगितली. दूरच्या राजधानीने ओसाड सरहद्दीवर माणसं बोलावली. त्यांनी माळ मोडून शेतं केली. दहा वर्षांनी राजधानीने जकातनाके आणि शिपाई पाठवले, नव्या माणसांना येण्याची बंदी केली, अर्ज घेऊन गेलेल्या पुढाऱ्याला कोठडीत टाकलं आणि अखेर राज्यघटनाच गुंडाळली. माणसं उठली. चूक कोणाची? जवळजवळ सगळे हात राजधानीच्या विरोधात गेले. जत तालुक्यातली एक मुलगी तर वैतागलीच. "सर, यात विचार काय करायचा? मागायला गेलं की सरकार लांब, वसुलीला आलं की दारात." तिचा वैताग समजण्यासारखा होता. पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जातो, असा ठराव तिच्याच तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी पूर्वी केला होता. २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्या गावांचा विषय काढला, तेव्हा पुण्यामुंबईच्या लोकांनी जत कुठे आहे ते नकाशात शोधलं.

मग आम्ही कागद उघडले.

कौल

मेक्सिको १८२१ मध्ये स्पेनपासून सुटला. इकडे पेशवाई बुडून तीन वर्षं झाली होती. नव्या देशाला उत्तरेला टेक्सास नावाचा अवाढव्य मुलूख वारशात मिळाला, पण त्यात स्पॅनिश बोलणारी वस्ती अवघी अडीच-तीन हजारांची, तीही मुख्यतः सान अंतोनिओ आणि गोलियादच्या आसपास. बाकी मुलखावर कोमांची आणि इतर मूलनिवासी टोळ्यांची सत्ता. पूर्वेला साबीन नदीपलीकडे अमेरिका, जिने १८०३ मध्ये लुइझियाना विकत घेतल्यापासून पश्चिमेकडे पाय पसरायला सुरुवात केली होती. मेक्सिको शहरापासून सान अंतोनिओ सुमारे १,४०० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून दिल्ली आहे तेवढंच. हे अंतर सांगितल्यावर वर्गाला पटकन कळलं. शिंदे-होळकरांच्या उत्तरेतल्या कारभाराच्या दृष्टीने पुणं हीच एकेकाळी लांबची राजधानी होती. तिथे घडलेल्याची खबर इथे येईपर्यंत किती पाणी वाहून गेलेलं असे, हे पानिपतानंतर पुण्याला सांगायला नको.

लोक आणायचे कुठून? मोझेस ऑस्टिन नावाच्या अमेरिकन माणसाने स्पॅनिश अधिकाऱ्यांकडून ३०० कुटुंबं वसवण्याची परवानगी मिळवली आणि त्याच वर्षी तो वारला. मुलगा स्टीफन ऑस्टिन याने काम पुढे नेलं. पण दरम्यान सरकारच बदललं होतं. म्हणून १८२२-२३ मध्ये तो वर्षभर मेक्सिको शहरात तळ ठोकून बसला, स्पॅनिश शिकला आणि परवानगीवर नव्या सरकारची मोहर घेऊनच परतला. पुढे तो सहीसुद्धा 'एस्तेवान' अशी करायचा. या माणसाला मी लबाड मानत नाही. निदान पहिली दहा वर्षं तरी तो दिल्या शब्दाला जागणारा होता.

गुरं पाळणाऱ्या कुटुंबाला ४,४२८ एकर आणि नुसती शेती करणाऱ्याला १७७ एकर जमीन मिळे. इंदापुरात चार एकरांसाठी भाऊबंदकी पाहिलेल्या एका मुलाने हा आकडा दोनदा विचारला. त्याच सुमारास अमेरिकेत १८२० च्या कायद्याने सरकारी जमीन घ्यायची तर किमान ८० एकर, एकरी सव्वा डॉलर, तेही रोख. त्यात १८१९ च्या मंदीने लोक कर्जबाजारी झालेले. अशा माणसाला टेक्सासात जवळजवळ फुकट जमीन मिळत होती. बदल्यात मेक्सिकोचं नागरिकत्व, कॅथलिक धर्म आणि चांगल्या वर्तणुकीची हमी एवढ्यावर भागे. १८२३ च्या हुकुमाने वसाहतवाल्यांच्या वापराच्या मालावर सात वर्षं जकात माफ. १८२५ च्या राज्य कायद्याने नव्या वस्त्यांना बाकीच्या करांतूनही दहा वर्षं सूट.

आपल्याकडे याला कौल म्हणत. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं बेचिराख केल्यावर शहाजीराजांच्या जहागिरीत ते पुन्हा वसवलं गेलं ते असेच कौल देऊन. मुलांना कसब्यातला सोन्याचा नांगर माहीत असतो, कौलाबरोबरचा इस्तावा माहीत नसतो. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याकडून सुरुवातीला नाममात्र सारा घ्यायचा, तो वर्षागणिक चढवत न्यायचा आणि ठरलेल्या वर्षी पूर्ण साऱ्यावर आणायचा, हा इस्तावा. रयतेला पुढच्या वर्षी किती द्यायचं ते आधीच ठाऊक असे. शिवाय सरकारी माणूस दरवर्षी बांधावर येई, मग भले तो थोडंच घेऊन जाई. मेक्सिकोने कौल दिला, पण त्याला इस्तावा जोडला नाही. माझं या प्रकरणातलं मुख्य म्हणणं हेच आहे. जकात सात वर्षं शून्य आणि आठव्या वर्षी सगळी, तीही बंदूकवाल्याबरोबर.

सरकार नसलेली वर्षं

मधल्या काळात तिथे काय होतं ते पाहण्यासारखं आहे. लग्न कॅथलिक पाद्र्यानेच लावायचं असा नियम, आणि पाद्री पाठवलेलाच नाही. मग ऑस्टिनच्या वसाहतीत जोडपी करारनामा लिहून देत की पाद्री आला की रीतसर लग्न लावू, आणि तोवर संसार करत. गंभीर खटल्याचा निकाल साल्तियोला मंजुरीला जायचा, कारण टेक्सासला स्वतंत्र राज्य न करता मेक्सिकोच्या १८२४ च्या संघराज्यी घटनेखाली कोआविलाला जोडून 'कोआविला इ तेहास' हे एकच राज्य केलं होतं आणि त्याची राजधानी साल्तियो. विधिमंडळात टेक्सासच्या वाट्याला एखाद-दोन जागा. कापूस न्यू ऑर्लिन्सला जायचा, माल तिथूनच यायचा. नांगर, कापड, वर्तमानपत्र सगळं अमेरिकेचं. मेक्सिको त्यांच्यासाठी जमिनीच्या कागदावरच्या मोहरेपुरता उरला होता.

तरीही पहिली ठिणगी पडली तेव्हा वसाहतवाले सरकारच्या बाजूने उभे राहिले. पूर्व टेक्सासातल्या नॅकोडोचेसच्या भागात हेडन एडवर्ड्स या मक्तेदाराला ८०० कुटुंबं वसवण्याचा मक्ता मिळाला होता. त्याने तिथल्या जुन्या रहिवाशांनाच जमिनीचे पुरावे दाखवा, नाहीतर निघा, असं बजावलं. सरकारने त्याचा मक्ता रद्द केला, तेव्हा डिसेंबर १८२६ मध्ये त्याच्या लोकांनी 'फ्रेडोनिया' नावाचं प्रजासत्ताक जाहीर करून टाकलं. महिनाभरात ते विरलं. ते मोडायला मेक्सिकोच्या सैन्याबरोबर ऑस्टिनचं स्थानिक दलही गेलं होतं. राजधानीने यातून एवढाच धडा घेतला की अमेरिकन माणूस बंडखोर. आपल्या बाजूने कोण लढलं, याची दखल तितक्या जोरात घेतली गेली नाही.

१८२८ मध्ये जनरल मान्युएल मिएर इ तेरान याला पाहणीला पाठवलं. हा माणूस मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणा वाटतो. सान अंतोनिओहून पूर्वेकडे जावं तसतसा मेक्सिकोचा ठसा पुसट होत जातो आणि नॅकोडोचेसला तो जवळजवळ उरतच नाही, असं त्याने राष्ट्राध्यक्षांना कळवलं. त्याचा सल्ला असा की ठाणी वसवा, मेक्सिकन आणि युरोपीय कुटुंबं आणा, किनाऱ्यालगतचा व्यापार देशाशी जोडा. निदान अचूक होतं. औषधाचं काय झालं, ते पुढे.

६ एप्रिल १८३०

दरम्यान राजधानीत खुर्च्या फिरत होत्या. राष्ट्राध्यक्ष गेरेरो यांनी १५ सप्टेंबर १८२९ ला गुलामगिरी रद्द केली. सान अंतोनिओतल्या मेक्सिकन अधिकाऱ्यानेच तो हुकूम दडपून ठेवला आणि सवलत मागितली, कारण कापसावर तिथल्या जुन्या घराण्यांचाही जीव होता. डिसेंबरात टेक्सासला सूट मिळाली. त्याच महिन्यात गेरेरो यांची सत्ता बुस्तामांते यांनी उलथवली. नव्या सरकारात मंत्री लुकास आलामान यांनी तेरानच्या अहवालावरून ६ एप्रिल १८३० चा कायदा केला. त्याच्या अकराव्या कलमाने शेजारच्या देशातून, म्हणजे अमेरिकेतून, येऊन वसायला बंदी झाली. नवे गुलाम आणायलाही बंदी. आणि नेमकी त्याच वर्षी सात वर्षांची जकातमाफी संपली.

परिणाम उलटा झाला. कायदा पाळणारा अमेरिकन थांबला, न पाळणारा साबीन ओलांडून येतच राहिला. मेक्सिकन कुटुंबं एवढ्या लांब यायला तयार झाली नाहीत. ठाण्यांना आनावाक, तेनोश्तितलान अशी जुनी नाहुआ, म्हणजे अॅझ्टेकांच्या भाषेतली, नावं दिली, शिपायांत कैदी भरले. नावं ठेवण्यात मात्र कुठेही कसूर नव्हती.

इथे इंदापूरचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. त्याच १८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात कंपनी सरकारच्या प्रिंगल साहेबाने मोजणी करून सारा ठरवला. दर इतका चढा होता की इंदापुरात जमिनी ओस पडल्या आणि रयत परागंदा होऊन शेजारच्या मुलखात गेली. पाच वर्षांनी गोल्डस्मिड आणि विंगेट तिथे आले, नव्याने मोजणी केली आणि १८३६ मध्ये उतरलेले दर ३० वर्षांसाठी बांधून दिले. कंपनीचं कौतुक करण्यासाठी हे सांगत नाही, तिला सारा हवा होता. पण वसूल होत नाही म्हणजे दर चुकला, एवढं तिने मान्य केलं. इंदापूरच्या शेतकऱ्याकडे हत्यार एकच होतं, निघून जाणं. टेक्सासच्या वसाहतवाल्याकडे बंदूक होती आणि पाठीशी न्यू ऑर्लिन्सचा बाजार.

आनावाकचा नाका

जकात गोळा करायला आलेला जॉर्ज फिशर जन्माने हंगेरीतला. ठाण्याचा अधिकारी हुआन डेव्हिस ब्रॅडबर्न हा तर मूळचा अमेरिकनच, मेक्सिकोच्या सैन्यात चढलेला. फिशरचा हुकूम असा की गलबत कुठल्याही बंदरात लागो, कागदपत्रं आनावाकलाच मंजूर करून घ्यायची. ब्राझोस नदीच्या मुखाशी माल उतरवणाऱ्याने खुष्कीच्या मार्गाने दूर आनावाक गाठायचं, शिक्का घ्यायचा, परत यायचं. पुण्यात जकात असताना नाक्यावर रांगेत उभ्या राहिलेल्या ट्रकवाल्याला हे सांगायला नको. जकात किती यावर भांडण थोडं झालं. ती भरायला कुठे जायचं, यावर डिसेंबर १८३१ मध्ये गोळ्या सुटल्या.

इथवर वर्ग वसाहतवाल्यांच्याच बाजूने होता. मग पुढचा कागद आला. ब्रॅडबर्नने लुइझियानातून पळून आलेल्या गुलामांना आश्रय दिला होता. त्यांच्या मालकाने त्यांना परत मिळवण्यासाठी वकील लावला, विल्यम ट्रॅव्हिस. शंभर हत्यारबंद माणसं गुलामांना सोडवून न्यायला येताहेत, अशी खोटी आवई त्याने उठवली म्हणून ब्रॅडबर्नने त्याला धरलं. खटल्याविना पकडलं म्हणून वसाहतवाले खवळले आणि जून १८३२ मध्ये आनावाकवर चालून गेले. 'नागरिकाला लष्करी कोठडी' ही तक्रार खरीच होती. पण हा वकील कोणाच्या मालमत्तेसाठी भांडत होता, हे त्या तक्रारीत कुठेच येत नाही.

मग गुलामगिरीचे कागद क्रमाने लावले. राज्याच्या १८२७ च्या घटनेने सांगितलं की यापुढे जन्मणारं मूल मोकळं, आणि सहा महिन्यांनंतर नवा गुलाम आणता येणार नाही. १८२८ मध्ये पळवाट निघाली. सीमा ओलांडण्याआधीच, अमेरिकेत, गुलाम माणसाकडून 'मजुरीचा करार' लिहून घ्यायचा. मजुरी एवढी कमी आणि त्याच्या नावावरचं 'कर्ज' एवढं मोठं की फेड जन्मात होऊ नये, वर मुलंही त्याच कराराखाली. अशा ९९ वर्षांच्या करारांवर माणसं टेक्सासात आली. वर्गात कोणीतरी हळूच "वेठबिगारी" म्हणालं. मी फळ्यावर तेच लिहिलं.

उठाव करणाऱ्यांनी तेव्हाही मेक्सिकोविरुद्ध नसल्याचं जाहीर केलं. आम्ही १८२४ च्या घटनेच्या आणि बुस्तामांतेविरुद्ध उठलेल्या जनरल सांता आनाच्या बाजूचे, अशी त्यांची भूमिका. ती सोयीची होती, पण पूर्ण खोटी म्हणवत नाही. त्याच जुलैत तेरानने पादिया गावी तलवारीवर पडून जीव दिला. टेक्सास हातचा जाणार, हे त्याला दिसत होतं.

अर्ज आणि कोठडी

१८३२ आणि १८३३ मध्ये वसाहतवाल्यांनी अधिवेशनं भरवली. मागण्या म्हणजे बंदी उठवा आणि कोआविलापासून तोडून वेगळं राज्य द्या. सान अंतोनिओच्या तेहानो, म्हणजे स्थानिक स्पॅनिशभाषक पुढाऱ्यांनीही डिसेंबर १८३२ मध्ये स्वतःचं निवेदन दिलं आणि राज्यकारभारावर कडक टीका केली. हे महत्त्वाचं, कारण पुढे या भांडणाला 'गोरे विरुद्ध मेक्सिकन' असा एकच रंग दिला गेला.

ऑस्टिन अर्ज घेऊन मेक्सिको शहरात गेला तर तिथे कॉलऱ्याची साथ. उपराष्ट्राध्यक्ष गोमेस फारियास यांच्याशी खटका उडाला. वैतागून त्याने ऑक्टोबर १८३३ मध्ये सान अंतोनिओच्या नगरसभेला लिहिलं की परवानगीची वाट न पाहता आपापलं राज्य उभारायच्या तयारीला लागा. पुढे सरकारने बंदी उठवायचं कबूल केलं, तो समाधानाने परत निघाला, आणि जानेवारी १८३४ मध्ये साल्तियोला त्याच पत्रावरून पकडला गेला. नगरसभेनेच ते पत्र वर पाठवलं होतं. वर्षअखेर जामिनावर सुटला, पण टेक्सासला पोचायला १८३५ चा सप्टेंबर उजाडला. सरकारशी बोलून काम होतं, असं इतकी वर्षं सांगणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच सरकारने आत टाकलं.

गंमत अशी की तो आत असतानाच बहुतेक मागण्या मान्य झाल्या होत्या. १८३४ मध्ये अकरावं कलम गेलं. राज्याने टेक्सासचे तीन विभाग केले, विधिमंडळातल्या जागा वाढवल्या, ज्यूरी आणली, सरकारी कामात इंग्रजी चालू दिली, धर्मापायी कोणाला छळायचं नाही असं ठरवलं. त्याच वर्षी पाहणीला आलेल्या आल्मोंते यांनी टोळ्या सोडून लोकसंख्या सुमारे २१,००० धरली. टेक्सास तेव्हा बऱ्यापैकी शांत होतं. वर्गातल्या जवळजवळ कोणालाच हे वर्ष माहीत नव्हतं. इंटरनेटवरच्या गोष्टी तुरुंगातून थेट तोफेवर जातात.

मग सांता आना फिरला. ज्या घटनेच्या नावाने तो सत्तेवर आला होता, तीच मोडून त्याने केंद्राकडे सगळी सत्ता ओढायला सुरुवात केली. राज्यांची स्थानिक दलं ५०० माणसांमागे एक शिपाई एवढी छाटायचा हुकूम निघाला. साकातेकासने नकार दिला, तेव्हा मे १८३५ मध्ये ते चिरडून लुटलं. साकातेकासमध्ये अमेरिकन वसाहत नव्हती आणि गुलामांच्या कापसाचं राजकारणही नव्हतं. केंद्राविरुद्धचा राग एकट्या टेक्सासचा नव्हता, हे सांगायला एवढा पुरावा मला पुरतो.

लढाईवर मी वेळ घालवला नाही. गोंझालेसला टोळ्यांपासून बचावासाठी सरकारनेच १८३१ मध्ये दिलेली तोफ परत मागायला शिपाई आले आणि २ ऑक्टोबर १८३५ ला पहिली चकमक झाली. नोव्हेंबरातही वसाहतवाले १८२४ च्या घटनेसाठीच लढत असल्याचं सांगत होते. २ मार्च १८३६ ला स्वातंत्र्य जाहीर केलं, चार दिवसांनी सान अंतोनिओतलं आलामोचं ठाणं पडलं, त्यात ट्रॅव्हिस गेला. २१ एप्रिलला सान हासिंतोवर सांता आनाचा तळ सुमारे अठरा मिनिटांत उधळला गेला.

जिंकल्यावर पहिलं काय लिहिलं, ते मात्र थांबून वाचलं. नव्या प्रजासत्ताकाच्या घटनेने विधिमंडळाला गुलाम मुक्त करण्याचा अधिकारच नाकारला आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयाला विधिमंडळाच्या परवानगीशिवाय तिथे राहायला मज्जाव केला. उपाध्यक्ष झाले लोरेन्झो दे सावाला, १८२४ ची मेक्सिकन घटना घडवणाऱ्यांपैकी एक. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर होसे आंतोनिओ नवारो यांचीही सही आहे. सान हासिंतोवर लढलेला तेहानो हुआन सेगीन पुढे सान अंतोनिओचा महापौर झाला. १८४२ मध्ये नव्याने आलेल्या अमेरिकनांनी त्याला फितूर ठरवलं आणि त्याला मेक्सिकोत पळून जावं लागलं.

शेवटचा अर्धा तास मी मुलांना फळा दिला. १८२३ मध्ये तुम्ही मेक्सिको शहरात बसला आहात, कौल दिला आहे, आता इस्तावा आखा. रकाने पाच : जकात, भाषा, न्याय, जमिनीची नोंद, गुलाम. जकातीचा रकाना दहा मिनिटांत भरला. तिसऱ्या वर्षी चवथाई, पाचव्या वर्षी निम्मी, आठव्या वर्षी पूर्ण, आणि नाका ब्राझोसच्या मुखाशीच, तोही पहिल्या वर्षापासून. भाषा आणि न्यायात मुलांनी १८३४ च्या सवलती उचलून १८२६ मध्ये टाकल्या. जमिनीच्या नोंदीवर थोडं भांडण झालं, एडवर्ड्समुळे. इंदापूरच्या मुलाने पाचवा रकाना हातात घेतला. "इथेही टप्पेच टाकू सर. १८२७ चा नियम इस्तावाच होता की. आज जन्मलेलं मूल मोकळं, फक्त पळवाट बुजवायची." त्याने तसं लिहिलंही.

जतची मुलगी बराच वेळ गप्प होती. "आणि त्या मुलाच्या आईचं हे कितवं वर्ष?" तिने विचारलं.

त्याने खडू खाली ठेवला. नंतर एक-दोघांनी काहीबाही सुचवलं आणि स्वतःच मागे घेतलं. सातच्या तुकडीची मुलं जिन्यात येऊन उभी होती. हात मोजायचे राहूनच गेले.